पॉइंटचे मोल : शहापूर-मुरबाडच्या बाजारातून प्रवासाच्या तिकिटापर्यंत

मुरबाड तालुक्यातील धसई हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. आसपासच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ म्हणून ते पंचक्रोशीत परिचित आहे. नोटाबंदीनंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत हे गाव महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीन दुकानादुकानांत बसली. किराणा, औषधे, अगदी वडापावसुद्धा कार्डावर मिळू लागला, अशा बातम्या देशभर छापल्या गेल्या. पुढे नोटांची टंचाई सरली आणि रोख व्यवहारही परतले, कारण बाजाराची सवय एका समारंभाने बदलत नाही. मात्र ज्या मार्गाने कार्ड गावात शिरले, तो मार्ग बंद झाला नाही. तो नंतरच्या काळात मोबाइलच्या पडद्यावरून अधिक रुंद झाला.

आज शहापूरच्या बाजारपेठेत, आसनगाव स्थानकाबाहेर, मुरबाडच्या नाक्यावर किंवा सरळगावच्या फाट्यावर दुकानाच्या गल्ल्यापाशी एक चौकोनी क्यूआर कोड हमखास दिसतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाली. त्यामुळे जेथे स्वाइप मशीन नाही, अशा दुकानातही क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात. ही सोय केवळ व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी आहे. नातलगाला किंवा मित्राला अशा रीतीने पैसे पाठवता येत नाहीत. तरीही परिणाम मोठा झाला. रिवॉर्ड पॉइंट ही वस्तू एकेकाळी विमानाने फिरणाऱ्या नोकरदाराच्या बोलण्यात असे. ती आता तालुक्याच्या गावातील किराण्याच्या बिलापर्यंत येऊन पोहोचली आहे.

प्रश्न असा, की या पॉइंटचे मोल किती? ते कोठे खर्चावेत, कोठे खर्चू नयेत, आणि त्यांच्या मागे लागून घरचा ताळेबंद बिघडण्याची वेळ कधी येते? ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वही-खाते लिहिले गेले, त्यांना हा हिशेब अवघड नाही. फक्त तो एकदा शांतपणे मांडावा लागतो.

पॉइंट येतात कोठून?

पॉइंट ही बँकेची भेट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यामागे एक साधा व्यवहार आहे. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने हजार रुपये दिले, तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार जमा होत नाहीत. त्यातून साधारण दीड ते दोन टक्के शुल्क कापले जाते. व्यापारी भाषेत यालाच एमडीआर म्हणतात. या शुल्काचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातलाच काही अंश पॉइंटच्या रूपाने ग्राहकाकडे परततो. डेबिट कार्डाच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यावरील यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कच नाही. क्रेडिट कार्डाच्या शुल्कावर मात्र तशी मर्यादा नाही. म्हणूनच पॉइंटची खैरात प्रामुख्याने क्रेडिट कार्डावर होते, डेबिट कार्डावर नाही.

शहापूर तालुक्यातील वाचकांना या व्यवस्थेचे मर्म पटकन उमगेल. तानसा धरण १८९२ साली बांधून पूर्ण झाले, पुढे भातसा झाले. मुंबईची तहान भागवणारे पाणी याच तालुक्यातून जाते. उन्हाळ्यात मात्र याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी साठते एका ठिकाणी आणि नळ उघडतो दुसऱ्या ठिकाणी. पॉइंटचेही काहीसे तसेच आहे. दुकानदार कार्डाचे शुल्क सोसतो आणि शक्य तेथे ते मालाच्या दरात मिसळतो. तो दर रोखीने घेणाऱ्यालाही द्यावा लागतो. पॉइंट मात्र कार्डधारकालाच मिळतात आणि त्यातही महागड्या कार्डाच्या धन्याला अधिक मिळतात.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. सकाळी दुकानाच्या गल्ल्यावर ती शुल्क देणारी असतात आणि संध्याकाळी खरेदीला निघाली की पॉइंट घेणारी होतात. तेव्हा दुकानदार म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रुपे क्रेडिट कार्डावरील यूपीआय व्यवहार दोन हजार रुपयांपर्यंतचा असेल, तर लहान व्यापाऱ्याला शुल्कातून सूट देण्यात आली आहे. त्यापुढील रकमेवर शुल्क लागू शकते. आपल्या क्यूआर कोडवर कोणता दर लागतो, हे बँकेकडून लेखी समजून घ्यावे आणि महिन्याच्या जमेशी ताडून पाहावे. ग्राहक म्हणूनही थोडा विवेक राखावा. ओळखीच्या छोट्या दुकानात पन्नास पैशांच्या पॉइंटसाठी त्याच्या नफ्यातून दहा रुपये जात असतील, तर बँक खात्यावरून यूपीआयने पैसे देणे हा शेजारधर्म ठरतो.

एका पॉइंटची किंमत

पॉइंटच्या जाहिरातीत आकडे नेहमी मोठे असतात. ‘दहा हजार पॉइंट भेट’ असे वाचले की दहा हजार रुपये हाती आल्यासारखे वाटते. परंतु पॉइंट हे नाणे नव्हे. एका बँकेचा पॉइंट पंचवीस पैशांचा, दुसऱ्या बँकेचा पन्नास पैशांचा, तर तिसऱ्या बँकेचा एक रुपयाचा असू शकतो. इतकेच काय, एकाच कार्डावरील एकच पॉइंट भेटवस्तूसाठी वीस पैशांचा आणि विमानाच्या तिकिटासाठी पन्नास पैशांचा ठरू शकतो. म्हणून पॉइंट किती जमले यापेक्षा एका पॉइंटमागे किती पैसे वाचले, हे विचारावे.

त्यासाठीचा हिशेब तिसरी-चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. जे तिकीट घ्यायचे, त्याची रोखीची किंमत लिहावी. पॉइंट वापरूनही जो कर आणि शुल्क रोख भरावे लागते, ते त्यातून वजा करावे. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटच्या संख्येने भागावे.

उदाहरण घेऊ. समजा, एका विमान तिकिटाची रोख किंमत ६,४०० रुपये आहे. पॉइंटवर तेच तिकीट घ्यायचे तर ८,००० पॉइंट आणि वर १,४०० रुपये कर लागतो. म्हणजे वाचले ५,००० रुपये. त्याला ८,००० ने भागले की एका पॉइंटचे मोल साडेबासष्ट पैसे येते. तेच ८,००० पॉइंट देऊन २,००० रुपयांचे खरेदीचे व्हाउचर घेतले, तर मोल पंचवीस पैसे. तेच पॉइंट बिलात वळते करून घेतले आणि बँकेने वीस पैशांचा दर लावला, तर १,६०० रुपये. त्यातून ९९ रुपये शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी गेला की हाती राहतात सुमारे १,४८३ रुपये. पॉइंट तेच, घर तेच, पण एका वाटेने पाच हजार आणि दुसऱ्या वाटेने दीड हजारही नाहीत.

यात एक सावधगिरी हवी. जे तिकीट आपण रोखीने कधीच घेतले नसते, त्याच्या किमतीवरून पॉइंटचे मोल काढणे ही स्वतःची फसवणूक आहे. बिझनेस क्लासचे पन्नास हजारांचे तिकीट पॉइंटवर मिळाले म्हणून पन्नास हजार वाचले, असे होत नाही. ज्या प्रवासाला कुटुंब एरवी दहा हजार खर्च करणार होते, त्यात दहा हजारच वाचले असे धरावे.

मोठा आकडा आणि मोठा लाभ

कार्ड निवडतानाही हाच निकष लावावा. समजा, शहापूरमधील एका कुटुंबाचा कार्डावर भागणारा खर्च महिन्याला २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख रुपये आहे. पहिले कार्ड शंभर रुपयांमागे दोन पॉइंट देते. वर्षाचे झाले ६,००० पॉइंट. पण त्या कार्डाचा पॉइंट पंचवीस पैशांचा आहे, म्हणून लाभ १,५०० रुपये. दुसरे कार्ड रेल्वेशी संलग्न आहे आणि १२५ रुपयांमागे एकच पॉइंट देते. वर्षाचे झाले केवळ २,४०० पॉइंट. मात्र रेल्वे तिकिटावर एक पॉइंट म्हणजे एक रुपया, म्हणून लाभ २,४०० रुपये. येथे सहा हजारांपेक्षा चोवीसशे मोठे ठरतात.

यातून वार्षिक शुल्क वजा करायला विसरू नये. ५०० रुपये शुल्क असेल तर जीएसटीसह ते ५९० रुपये होते. पहिल्या कार्डावर ९१० रुपये उरतात, दुसऱ्यावर १,८१०. काही कार्डांवर ठरावीक वार्षिक खर्च झाल्यास शुल्क माफ होते. ती मर्यादा घरच्या नेहमीच्या खर्चात सहज बसत असेल तर उत्तम. ती गाठण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये नको त्या वस्तू घ्याव्या लागत असतील, तर शुल्क भरणे स्वस्त पडते.

सगळ्याच खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, हेही कार्ड घेण्यापूर्वी तपासावे. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये पैसे भरणे, हप्त्यांवर केलेली खरेदी, काही सरकारी भरणा अशा बाबी बहुतेक कार्डांवर वगळलेल्या असतात. विम्याचा हप्ता, वीजबिल यांवर मर्यादा असते. यूपीआयमार्गे केलेल्या छोट्या खरेदीवर अनेक बँका कमी पॉइंट देतात. मुरबाडसारख्या भागात घरचा मोठा खर्च दुचाकीचे पेट्रोल, भाजी-दूध, शाळेची फी असा असेल, तर त्यातला किती भाग खरोखर पॉइंट देणारा आहे, हे पाहूनच हिशेब मांडावा. अन्यथा तीन लाखांचे कागदावरचे गणित प्रत्यक्षात दीड लाखांवर येते.

रेल्वे : जवळची आणि भरवशाची वाट

शहापूर तालुक्यात वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके असली, तरी दूरच्या गाड्यांसाठी कल्याण जंक्शनच गाठावे लागते. मुरबाडला तर अजून रेल्वे नाही. तेथील प्रवासी एसटीने किंवा जीपने कल्याणला येतो. म्हणजे या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबांचा लांबचा प्रवास बहुधा कल्याणच्या फलाटावरून सुरू होतो. विमानतळ गाठायचा तर घाट रस्ता नसला तरी वाहतुकीची कोंडी, गाडीभाडे आणि काही तासांचा वेळ हे सारे तिकिटाच्या किमतीत मिळवावे लागते. त्यामुळे येथील बहुतांश कुटुंबांना रेल्वेवर पॉइंट वापरणे अधिक सोयीचे ठरते.

आयआरसीटीसीशी संलग्न क्रेडिट कार्डे स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीची आहेत, तशीच बँक ऑफ बडोदा आणि एचडीएफसी बँकेचीही आहेत. या प्रकारच्या कार्डांचा लाभ दुहेरी असतो. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर वातानुकूलित वर्गाचे तिकीट काढल्यास अधिक दराने पॉइंट मिळतात, आणि कार्डाने पैसे देताना लागणाऱ्या सुमारे एक टक्का शुल्कात सवलत मिळते. अटी आणि दर वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करतानाचा ताजा तक्ता वाचणे आवश्यक आहे. जे कुटुंब वर्षातून एकदाच स्लीपरने गावी जाते, त्याला अशा कार्डाचा फारसा उपयोग नाही. ज्यांच्या घरी व्यापारानिमित्त सुरत-अहमदाबादच्या फेऱ्या आहेत, मुले बाहेरगावी शिकतात किंवा ज्येष्ठांना घेऊन वर्षाआड यात्रा होते, त्यांना ते उपयोगी पडते.

वेळेचे गणित येथे निर्णायक असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. पारसनाथला, म्हणजे सम्मेद शिखरजीला, जायचे असेल तर प्रयागराजमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल कल्याणला थांबते आणि पारसनाथलाही थांबते. गाडी न बदलता प्रवास होतो, म्हणून तिला मागणीही असते. अशा गाडीचे तिकीट हवे असेल, तर आरक्षण खुले होईल त्या सकाळी पॉइंट खात्यात जमा असायला हवेत. खरेदीनंतर पॉइंट लगेच जमा होत नाहीत. पुष्कळदा बिल निघाल्यानंतर, तर कधी त्याहून उशिरा ते दिसतात. दिवाळीच्या खरेदीचे पॉइंट डिसेंबरच्या यात्रेला वापरू, असा बेत म्हणून फसतो. निघण्याच्या दिवसापासून मागे मोजत यावे : ६० दिवस आरक्षणाचे, त्याआधी ४५ ते ६० दिवस पॉइंट जमा होण्याचे. म्हणजे चार महिने आधीचा खर्चच त्या प्रवासाच्या कामी येतो.

आयआरसीटीसीचे खाते आधारशी पडताळून ठेवणे हाही पूर्वतयारीचाच भाग आहे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी ते आवश्यक झाले आहे. पॉइंटवर काढलेले तिकीट रद्द केल्यास पॉइंट परत येतात की बुडतात, हे कार्डाच्या नियमांत आधीच पाहून ठेवावे. वृद्ध आई-वडिलांच्या प्रकृतीवर ज्या यात्रेचा बेत अवलंबून आहे, तेथे ही बाब किरकोळ नसते.

विमान : मोल अधिक, जोखीमही अधिक

विमानाच्या तिकिटावर पॉइंटचे मोल सर्वाधिक मिळू शकते, ही गोष्ट खरी आहे. त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट बँकेच्या स्वतःच्या प्रवास-पोर्टलची. तेथे पॉइंटचा दर ठरलेला असतो. परंतु पोर्टलवरचे भाडे आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावरचे भाडे एकाच वेळी पाहावे. पोर्टलवर तिकीट चारशे रुपयांनी महाग असेल, तर तेवढे मोल कमी झाले.

दुसरी वाट पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवण्याची. तेथे कधी दोन पॉइंटचा एक, तर कधी एकास एक असा दर असतो. हे वळवणे एकमार्गी आहे. एकदा गेलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत. म्हणून हव्या त्या दिवशी, हव्या त्या विमानात पॉइंटवरची जागा शिल्लक आहे, हे पाहिल्यावरच पॉइंट वळवावेत. चौघांच्या कुटुंबाला दोनच जागा मिळाल्या, तर उरलेल्या दोन तिकिटांचे वाढीव भाडे सगळा लाभ खाऊन टाकते. जैन भोजनाची मागणीही तिकिटाबरोबर आपोआप होत नाही. ज्या कंपनीत ती सोय आहे, तेथे प्रवासापूर्वी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंद करावी लागते.

पॉइंट साठवून ठेवण्यातील धोका भारतीय प्रवाशांनी जवळून पाहिला आहे. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. तिच्या जेटप्रिव्हिलेज योजनेतील माइल्स बुडाले नाहीत. योजनेचे नाव पुढे इंटरमाइल्स झाले. पण ज्या विमानांत बसण्यासाठी लोकांनी ते वर्षानुवर्षे जमवले होते, ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, पण नियम मात्र नव्या घराचे लागू झाले. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पॉइंटला असे कोणतेही संरक्षण नाही. बँक वा कंपनी सूचना देऊन त्यांचे मोल उतरवू शकते आणि मुदत संपली की ते नाहीसेही होतात. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे असले, तरी पॉइंटचे तळे गळके आहे. दीड-दोन वर्षांत खर्चून टाकावेत, हेच शहाणपण.

जेथे हिशेब उलटतो

आतापर्यंतचे सारे गणित एका अटीवर उभे आहे. कार्डाचे बिल दर महिन्याला, मुदतीत आणि संपूर्ण भरले गेले पाहिजे. ही अट मोडली की पॉइंटची भाषा निरर्थक ठरते.

समजा, दिवाळीच्या महिन्यात बिल ४०,००० रुपये आले. स्टेटमेंटवर किमान देय रक्कम २,००० रुपये लिहिलेली आहे. तेवढी भरली की काम भागले, असे समजून घरच्यांनी २,००० भरले. उरले ३८,०००. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. महिन्याचे व्याज झाले १,३३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. एकूण १,५६९ रुपये. वर उल्लेखिलेल्या पहिल्या कार्डाचा संपूर्ण वर्षाचा लाभ १,५०० रुपये होता. तो एका महिन्याच्या चुकीत गेला. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते.

दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरील व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घालणारा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. म्हणजे व्याजाचा दर रोखणारी भिंत आता ग्राहकाच्या स्वतःच्या शिस्तीखेरीज दुसरी नाही. व्यापारी कुटुंबात याला आणखी एक बाजू आहे. थकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते. उद्या दुकान वाढवायला किंवा घरासाठी कर्ज मागताना तीच नोंद आड येते.

कार्डावर एटीएममधून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळे शुल्क लागते. पॉइंट मिळत नाहीत ते नाहीतच. काही ठिकाणी ओळखीच्या दुकानातील मशीनवर माल न घेता कार्ड स्वाइप करून रोख घेण्याची पद्धत दिसते. यात पॉइंटही मिळतात आणि पैसेही, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात दोन टक्के कमिशन देऊन अर्धा-पाऊण टक्क्याचे पॉइंट विकत घेतले जातात. हे कार्डाच्या अटींविरुद्ध असल्याने ग्राहकाचे कार्ड आणि दुकानदाराचे मशीन, दोन्ही बंद होऊ शकतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आजीची शिकवण क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

नको असलेले कार्ड बंद करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. रिझर्व्ह बँकेचे १ जुलै २०२२ पासून लागू झालेले नियम सांगतात, की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना कार्ड देता येत नाही आणि मर्यादाही वाढवता येत नाही. बाकी शून्य असेल, तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते. विलंब झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. मात्र कार्ड बंद करण्यापूर्वी शिल्लक पॉइंट वापरून घ्यावेत.

‘आज रात्री पॉइंट संपणार’

पॉइंटच्या नावाने होणारी फसवणूक ही सर्वांत गंभीर बाब आहे. मोबाइलवर संदेश येतो : तुमचे ९,८०० रुपयांचे पॉइंट आज रात्री बारा वाजता संपत आहेत, खालील दुवा दाबा. दुवा दाबला की बँकेसारखेच दिसणारे पान उघडते, किंवा एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगितले जाते. कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही आणि ओटीपी दिला की खाते रिकामे होते. घरातील ज्येष्ठ, नव्याने स्मार्टफोन वापरणाऱ्या गृहिणी, दुकानावर एकटे बसलेले वडील यांना असे संदेश अधिक गाठतात, कारण त्यात धमकी नसते, लाभ बुडण्याची हुरहुर असते.

यावर उपाय साधा आहे. पॉइंट पाहायचे ते बँकेच्या अधिकृत अॅपमध्ये आपण होऊन जाऊनच. संदेशातील दुव्यावरून कधीही नाही. पॉइंट मिळवण्यासाठी कोणीही फोनवर ओटीपी विचारला, तर बोलणे तेथेच थांबवावे. तरीही घात झाला, तर लाजून गप्प बसू नये. लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर नुकसान येत नाही. ग्राहकानेच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

घरासाठी एक साधा आराखडा

सर्वसामान्य कुटुंबाला एक, फार तर दोन कार्डे पुरेशी असतात. त्याहून अधिक कार्डे म्हणजे अधिक तारखा, अधिक शुल्क आणि विसरण्याच्या अधिक संधी. वर्षाच्या आरंभी घरातील सर्वांनी बसून पुढील बारा महिन्यांतला एक प्रवास ठरवावा आणि त्यासाठी लागणारे पॉइंट लिहून काढावेत. ठरलेल्या घरखर्चापलीकडे पॉइंटसाठी एकही रुपया खर्चू नये. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करावी, आणि ती करताना ‘किमान रक्कम’ नव्हे तर ‘संपूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडला आहे ना, हे दोनदा पाहावे. तीन महिन्यांतून एकदा पॉइंट किती, त्यांची मुदत कधीची, नियम बदलले का, हे पाहून वहीत टिपून ठेवावे. घरातील हिशेबाची नोंद एखाद्या महाविद्यालयीन मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवली, तर व्याज म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर उमगते.

ज्या कुटुंबाचे उत्पन्न हंगामी आहे, ज्याचे पैसे उधारीत अडकलेले असतात, किंवा ज्याला महिनाअखेरीस बिल पूर्ण भरण्याची खात्री नाही, त्याने पॉइंटचा विचारच करू नये. बँक खात्यावरचे यूपीआय आणि डेबिट कार्ड त्याच्यासाठी अधिक हिताचे आहे. दीड-दोन हजारांच्या लाभासाठी चाळीस टक्क्यांचे ऋण अंगावर घेण्यात कोणतीही हुशारी नाही.

नीट वापरलेले पॉइंट वर्षाकाठी घरातल्या एखाद-दुसऱ्या तिकिटाचा खर्च उचलतात. तो काही फार मोठा लाभ नव्हे. पण आजोबांना खालचा बर्थ वातानुकूलित डब्यात मिळाला, किंवा शिकायला दूर असलेली मुलगी सणाला एक वेळ अधिक घरी येऊ शकली, तर त्या लहान रकमेचे चीज झाले असे म्हणावे. त्यापेक्षा अधिक अपेक्षा पॉइंटकडून ठेवू नये, आणि त्यापेक्षा अधिक किंमत त्यांच्यासाठी मोजू नये.